इंगवले डॉक्टरांच्या दुनळ्या

आधीच एक खुलासा करतो. पहिल्या भेटीत इंगवले डॉक्टरांनी माझ्यावर बंदूक रोखली नव्हती. आमच्याकडे चार माणसं जमली की अनघा, म्हणजे आमची ही, ही गोष्ट हमखास काढते. तिच्या गोष्टीत डॉक्टर दुनळी घेऊन दारात येतात, मी हातातली भेंडी तिथंच टाकतो आणि पळत सुटतो तो थेट आयर्लंडातल्या आमच्या नावन गावच्या बाजारात येऊन थांबतो. यातली भेंडी तेवढी खरी आहे.

झालं होतं असं. २०२० चा एप्रिल महिना. सत्तरीपुढच्या सगळ्यांना सरकारनं घरात बसवलं होतं आणि आमच्या नावनच्या मराठी ग्रुपवर कोणी कुणाला किराणा पोचवायचा याची वाटणी चालली होती. मी हात वर केला नाही. अनघानं माझा हात वर केला. मी कॅथेटर बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटीला आहे. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढायच्या आणि संध्याकाळी घरी येऊन स्वतःच्या ऐकायच्या, असं माझं एकूण आयुष्य. त्यात माझ्या वाट्याला स्लेनच्या रस्त्याला राहणारं एक जोडपं आलं. डॉ. इंगवले हे इथल्या हॉस्पिटलातले निवृत्त भूलतज्ज्ञ आणि सुमनकाकू त्यांच्या पत्नी.

मी बेल वाजवली, नियमाप्रमाणे मागे सरकलो आणि सहज खिडकीकडे पाहिलं. आत माकडटोपी घातलेले एक गृहस्थ बसले होते आणि बंदुकीच्या दोन नळ्यांच्या मागून एक डोळा थेट माझ्याकडे बघत होता. मी दोन्ही हात वर केले. एका हातात भेंडी होती. आतून आवाज आला, "ए लेका, बाजूला हो की! उजेड अडवलास!"

नंतर कळलं की नळ्या दस्त्यापासून सुट्या केल्या होत्या आणि डॉक्टर आतून गंज दिसतो का ते उजेडाकडे धरून तपासत होते. त्या उजेडात मी उभा होतो, एवढाच माझा गुन्हा. काकूंनी दार उघडलं, माझे वर गेलेले हात पाहिले आणि आत वळून म्हणाल्या, "अहो, पुन्हा एकाला घाबरवलंत. भाजी आणणारा आहे तो. जगू द्या त्याला."

डॉक्टर कराडकडचे. चाळीस वर्षं आयर्लंडात काढली तरी बोलण्यातला 'रं' गेला नव्हता, उलट त्याला इथला, 'छान' या अर्थाचा 'ग्रँड' येऊन चिकटला होता. "बरं हाय ना रं? ग्रँड, ग्रँड," असं एका दमात म्हणायचे. छंद एकच, घोडेवाल्या जुन्या दुनळ्या जमवायच्या. बंदुकीला दोन नळ्या, दोन चाप आणि मागे बाहेर दिसणारे दोन घोडे, ते अंगठ्यानं मागे ओढून चढवायचे. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या अशा सात बंदुका त्यांच्याकडे होत्या. पुढच्या काळात घोडे बंदुकीच्या पोटात गेले, त्या नव्या बंदुका त्यांना मुळीच आवडायच्या नाहीत. "घोडा बाहेर असला की बंदुकीच्या मनात काय चाललंय ते दिसतं बघ. ही नवीन सगळी आतल्या गाठीची. हसतमुख, आणि कधी उडेल नेम नाही. आमच्या हॉस्पिटलात तसे दोन सर्जन होते."

सातही जणींना त्यांनी माहेरच्या गावावरून नावं पाडली होती. बर्मिंगहॅमवाली, लिमरिकवाली, लंडनवाली, आणि सगळ्यांत लाडकी ती डब्लिनवाली. डब्लिनवालीच्या नळ्या लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून, ठोकून केलेल्या. तिच्या अंगावर तापल्या दुधाच्या सायीला पडतात तशा बारीक सुरकुत्या उमटलेल्या. डॉक्टर त्यावरून बोट फिरवत तेव्हा काकू मान दुसरीकडे वळवत. "सात सवती आहेत मला," त्या मला पहिल्याच आठवड्यात म्हणाल्या. "आणि सातही जणी माझ्यापेक्षा सडपातळ."

उन्हाळ्यात निर्बंध सैल झाले आणि मी घरात जाऊ लागलो. तिथं दारातच एक नियम होता, तो माझ्याकडून घोकून घेतला गेला. बंदूक एका हातातून दुसऱ्या हातात जाताना मधोमध दुमडून, उघडीच द्यायची. नळ्यांतून पलीकडचा उजेड दिसला पाहिजे, तरच घेणाऱ्यानं हात पुढे करायचा. कुणी विसरून बंद दिलीच तर घेणाऱ्यानं आधी नळ्या जमिनीकडे वळवायच्या, बंदूक उघडायची आणि मग देणाऱ्याला शिव्या घालायच्या. "बंद बंदूक भरलेलीच समजायची. आत्ताच रिकामी केली, असं सांगणारा माणूस मला नको. मला उजेड दाखव." एकदा हॉस्पिटलातले एक मोठे साहेब जेवायला आले होते. त्यांनी लंडनवाली उचलून बंदच फिरवली, झुंबराचा नेम धरला आणि हसले. डॉक्टरांनी त्यांना कोट आणून दिला. "अजून वरण वाढायचं होतं हो," काकू सांगत. "त्या माणसानं गाडीत बसून काय खाल्लं असेल, देव जाणे."

धोतराची गोष्ट मला सांगावीच लागेल, कारण ती मी नाही सांगितली तर अनघा सांगते. नळ्या आतून पुसायला डॉक्टरांना लागायचं ते मऊ, जुनं, धुऊन धुऊन विरलेलं धोतर. कुणी भारतात निघालं की लोक बाकरवडी मागवतात, हे जुनं धोतर मागवायचे. माझ्या आधी ग्रुपमधल्या दोघांनी आपापल्या आजोबांची धोतरं पोचवली होती. त्या वर्षी विमानं बंद, धोतरं संपत आलेली, आणि डॉक्टर चिंध्यांकडे असे बघत होते की मला राहवलं नाही. मी कपाटातून माझं लग्नातलं धोतर काढून दिलं. लग्नानंतर ते नेसण्याचा मी एकदाच प्रयत्न केला होता आणि तो गणपतीच्या आरतीत, दोन्ही हातांत तबक असताना, फसला होता. तेव्हा ते धोतर सत्कारणी लागलं असंच माझं मत होतं. अनघाचं नव्हतं.

"लग्नातलं धोतर? बंदुकीच्या नळीत?"

"काठ परत दिलाय त्यांनी कापून. जरीचा आहे म्हणाले."

"काठ!" एवढंच ती म्हणाली, आणि दोन दिवस आमच्या घरात वरणभातच झाला. आमची सई तेव्हा पंधरा वर्षांची. तिला मराठी सगळं कळतं, पण बोलायचं म्हटलं की तोंडातून इथल्या मीथ काउंटीचं इंग्रजीच बाहेर पडतं. तिनं जेवताना शांतपणे आपला निकाल दिला, की बाबांच्या हातून या घरात पहिल्यांदाच काहीतरी कूल झालंय.

हा छंद लागला कुठून, ते डॉक्टरांनी एका दुपारी मागच्या अंगणात सांगितलं. त्यांच्या वडिलांकडे एक घोडेवाली दुनळी होती, उसात शिरणाऱ्या रानडुकरांसाठी. निवडणूक आली की गावातली सगळी हत्यारं चौकीत जमा व्हायची आणि मत मोजून झाल्यावर परत मिळायची. "परत यायची ती गंजून. महिना महिना ओल्या भिंतीला टेकून ठेवलेली, दुसरं काय होणार? आबा मग चार दिवस घासत बसायचे, तोंडानं उमेदवारांचा उद्धार चाललेला. शेवटच्या निवडणुकीला जमा केली आणि आबा गेले. आणायला कुणी गेलंच न्हाई. मी इथं होतो, लोकांना भूल देत." पुढे कितीतरी वर्षांनी केल्सजवळ एका शेतावरच्या लिलावात त्यांना तशीच एक दुनळी दिसली, कोंबड्यांच्या खुराड्याच्या दाराला अडणा म्हणून लावलेली. ती बर्मिंगहॅमवाली. तिथून सुरुवात झाली. जिथं जिथं अशी बंदूक सडताना दिसेल तिथून ती सोडवून आणायची, दुरुस्त करायची, क्लबात नेऊन हवेत फेकलेल्या मातीच्या तबकड्यांवर चालवायची. चालवायची हे महत्त्वाचं. शोभेला भिंतीवर टांगलेल्या बंदुकीकडे ते बघायचेसुद्धा नाहीत. "पेंढा भरलेला वाघ हाय तो. मला घरात नको."

दुरुस्तीच्या कामी त्यांना इफा नावाची एक बाई मदत करायची. केल्सच्या बाजूला तिचं वडिलोपार्जित बंदुकांचं दुकान. पन्नाशीची, हातावर कायम तेलाचे डाग, आणि डॉक्टरांशी तिचं भांडण ठरलेलं. हे म्हणत स्प्रिंग जुनीच ठेव, ती म्हणे तुमच्यासारखी झालीय ती, बदलायलाच हवी.

ऑक्टोबरात निर्बंध पुन्हा कडक झाले. खंडेनवमीला काकूंनी व्हिडिओ कॉल लावला. सातही दुनळ्या टेबलावर उघड्या मांडलेल्या, झेंडूच्या जागी बागेतले डेलिया. काकू करंडा घेऊन उभ्या आणि डॉक्टर मध्ये हात घालून अडवतायत, "कुंकू दस्त्याला लाव, नळीला न्हाई. डाग पडतो." मग त्यांनी एकेकीची ओळख सईला करून द्यायला घेतली. कुणाच्या कारखान्यातली, कुठं सापडली, काय दुखणं होतं. सातवीपर्यंत आले. थांबले. आणि पहिलीपासून पुन्हा सुरू केलं, त्याच शब्दांत, त्याच विनोदासकट. सई माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, नेटवर्क अडकलं असेल. माणूस किती मूर्ख असावा? काकू करंडा हातात घेऊन दुसऱ्यांदा सगळं ऐकत उभ्या राहिल्या.

नाताळच्या सुमाराला भेटीगाठींना जरा मुभा मिळाली, तेव्हा आम्ही तिघं त्यांच्याकडे गेलो. दुपारचं जेवण झालं. डॉक्टर आत जाऊन डब्लिनवाली घेऊन आले. सई समोरच्या खुर्चीत बसली होती. "बघ रं मिलिंद, हिच्या डाव्या घोड्याला जरा ओढ आलीय का," म्हणत त्यांनी बंदूक माझ्या हातात दिली. बंद.

मला शौर्य दाखवायची सवय नाही. मी जे केलं ते घोकलेलं होतं म्हणून झालं. नळ्या जमिनीकडे वळवल्या, कळ दाबून बंदूक उघडली. उजव्या नळीतून गालिचा दिसला. डावीतून काही दिसलं नाही. तिच्यात काडतूस होतं.

सकाळी ते मागच्या शेतात कावळे उडवायला गेले होते, शेतकऱ्याची परवानगी असे. आल्यावर एकच नळी रिकामी केली होती. डॉक्टरांनी स्वतःच हात पुढे केला, काडतूस ओढून काढलं आणि तळहातावर ठेवून बघत राहिले. मग सईकडे पाहिलं. मग नळ्यांचं तोंड आधी कुठं होतं तो अंदाज घेतल्यासारखं पुन्हा सईकडे.

"शिव्या घाल," मला म्हणाले.

"डॉक्टर, जाऊ द्या, होतं असं."

"होत न्हाई. शिव्या घाल म्हणतो ना!"

मला जमलं नाही. काकूंनी येऊन बंदूक माझ्या हातून घेतली, पहिल्यांदाच मी त्यांना बंदूक हातात धरताना पाहिलं, आणि म्हणाल्या, "चहा टाकते. आलं घालू ना सगळ्यांना?"

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांचा फोन आला. आवाज एकदम कामाचा, ऑपरेशनआधी नातेवाइकांशी बोलतात तसा. "हे बघ. माझ्या डोक्यातल्या बारीक रक्तवाहिन्या बंद पडत चालल्यात. फोटो काढून झालेत, सुमनला ठाऊक हाय. आज मला कळतंय की मला कळत न्हाई. सहा महिन्यांनी तेबी कळणार न्हाई. तेव्हा माझ्या हातात बंदूक नको. आज कळतंय तोवर सगळ्या जणी मार्गी लावायच्यात." पोलीस स्टेशनात जमा करणं सोपं होतं, तिथला सार्जंट ओळखीचा, त्याच्या ॲपेंडिक्सला भूल डॉक्टरांनीच दिलेली. पण 'जमा' हा शब्द निघाला की ते अडून बसत. "जमा न्हाई करायची. ओल्या भिंतीला न्हाई टेकवायची. चालवणारा माणूस बघायचा, त्यानं माझ्यासमोर चालवून दाखवायची, मग द्यायची."

आणि हे सगळं कधी, तर २०२१ च्या जानेवारीत, जेव्हा पाच किलोमीटरच्या पलीकडे जाता येत नव्हतं आणि क्लबाला कुलूप होतं. सार्जंटच्या सांगण्यावरून इफा व्हॅन घेऊन आली आणि सातही दुनळ्या तिच्या दुकानातल्या तिजोरीत सांभाळायला गेल्या. डॉक्टर फाटकापर्यंत व्हॅनच्या मागे गेले. मी नेमका तेव्हा दूध घेऊन पोचलो होतो. इफानं खिडकीची काच खाली केली आणि म्हणाली, "डॉक, दर रविवारी तेल लावीन. शपथ."

"शनिवारी लाव," डॉक्टर म्हणाले. "रविवारी तू दारू पितेस."

त्यानंतरची चढाओढ विचित्र होती. एका बाजूला क्लब कधी उघडतो त्याची वाट आणि दुसऱ्या बाजूला डॉक्टरांच्या डोक्यातली एकेक खोली बंद होत चाललेली. कोण आधी पोचतं, एवढंच बघायचं होतं. काकू फोनवर हळू आवाजात सांगत, "आज चष्मा फ्रीजमध्ये मिळाला." किंवा, "आज मस्त आहेत हो, तुम्हाला शिव्या घालतायत." त्यांना विसरायला व्हायचं ते कालचं, परवाचं. इफाला फोन करून लिमरिकवालीचा उजवा चाप किती हलका आहे, ते बिनचूक सांगायचे आणि ठेवल्यावर विचारायचे, कुणाचा फोन होता.

मे महिन्यात क्लब उघडला. एकेक माणूस यायचा, डॉक्टर खुर्चीत बसून बघायचे, मान हलवायचे किंवा नाही. एकानं बर्मिंगहॅमवालीवर तीन तबकड्या फोडल्या तरी त्याला नाही म्हणाले, कारण चालवून झाल्यावर त्यानं ती गाडीला टेकवून ठेवली. जुलै सरेपर्यंत सहा जणी सासरी गेल्या. डब्लिनवाली राहिली.

ती मला द्यायची, असं एके दिवशी त्यांच्या मनात आलं. प्रेशर कुकरची शिट्टी झाली तरी मी दचकतो, हे काकूंनाही ठाऊक होतं, पण त्यांनी डोळ्यांनीच मला खुणावलं, नाही म्हणू नका. मी क्लबात गेलो. शिकवणाऱ्यानं उभं कसं राहायचं ते दाखवलं, तबकडी उडाली, मी चाप ओढला. तबकडी सुखरूप खाली आली आणि गवतावर बसली. दुसरीही. तिसऱ्या वेळी इफा म्हणाली की आजच्या दिवसात सर्वांत सुरक्षित जागा म्हणजे ती तबकडी. माझ्या खांद्यावर वांग्याच्या रंगाचा डाग उठला, तो अनघानं सगळ्या ग्रुपला फोटो काढून दाखवला.

डॉक्टर खूप वेळ हसले. मग डोळे पुसून म्हणाले, "तुला न्हाई देणार. तू तिला कपाटात ठेवशील आणि नातवंडांना दाखवशील. तू जीव लावशील रं, पण चालवणार न्हाईस." मला वाईट वाटलं, आणि जिवावरचं संकट टळल्याचा आनंदही झाला. दोन्ही एकदम.

इफा नळ्या पुसत होती. तिनं मान वर केली नाही. "मी ठेवू का?" तिनं विचारलं. "विकायला नाही, मला."

"तू स्प्रिंग बदलशील."

"बदलेन."

डॉक्टरांनी तिच्या हातातल्या नळ्यांकडे पाहिलं. "बदल," म्हणाले.

सप्टेंबरात इफानं आम्हाला क्लबावर बोलावलं. परवाना तिच्या नावावर आला होता आणि डब्लिनवाली ती पहिल्यांदा सर्वांसमोर चालवणार होती. ढग होते, मधूनच ऊन पडत होतं. डॉक्टरांना गेल्या काही आठवड्यांत माझं नाव आठवत नव्हतं. मला 'साहेब' म्हणायचे, त्याचीच मला जास्त लाज वाटे. काकूंनी त्यांना कोट घालून खुर्चीत बसवलं होतं.

इफानं घोडे चढवले आणि तबकड्या सोडायची हाक दिली. दोन तबकड्या वर गेल्या, दोन बार झाले, दोन्हींची वरच्यावर माती झाली. डॉक्टर ताठ बसले. त्यांनी हात पुढे केला, इफा जवळ आली आणि बंदूक उघडून त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी नळ्यांवरून बोट फिरवलं, आतून उजेडाकडे धरून पाहिलं. आता ते तिला डब्लिनवाली म्हणून हाक मारतील असं मला वाटलं. तसंच सगळ्यांना वाटलं असणार.

"सुंदर हाय," काकूंकडे वळून ते म्हणाले. "हिच्याआधी कुणाकडं होती गं?"

काकूंनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं. "होते एक डॉक्टर."

"जपलीया बघ. गंजाचा ठिपका न्हाई कुठं." पुन्हा एकदा आत डोकावले. "बायको कशी होती त्यांची? असला नाद असलेला माणूस म्हणजे…"

"कटकट करायची खूप."

"पण राहिली?"

"राहिली."

"मग नशिबवान माणूस," डॉक्टर म्हणाले.

"हो," काकू म्हणाल्या. "वरचं बटण लावा आता. वारा सुटलाय."